शेंदरी दगडाच्या वर

आमच्या गावात देवाची हद्द सांभाळायचं काम आमच्या घराकडे होतं. डोंगराच्या वरच्या अंगाला गुडघाभर उंचीचा एक दगड होता, शेंदूर फासलेला, त्यावर वाघाचा पंजा कोरलेला. दगडाच्या खालची चारोळीची झाडं गावाची, वरची वाघदेवाची. वरच्या झाडांचं पानही तोडायचं नाही. अक्षय तृतीयेला माझे वडील मारोतराव दगडाला शेंदूर लावत, नारळ फोडत आणि 'चला' म्हणत. त्यानंतरच बाया टोपल्या घेऊन खालच्या झाडांना भिडत.

बाबांना या एका शब्दाचा भारी गर्व होता. तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याचं वर्षातून एक दिवस सगळं गाव ऐकतं म्हटल्यावर तो उरलेलं वर्षही ताठ मानेनं चालतो. मी त्यांचा एकुलता मुलगा. तो शब्द पुढे माझाच होणार होता, म्हणून मीही थोडा ताठच होतो.

भागिरथाकाकू आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची. काका साप चावून गेले. तिच्या वाट्याला जमीन आली नाही. का आली नाही ते मला माहीत आहे, पण ते उगाळत बसत नाही. तिचं पोट चारोळीवर होतं. फळं पाण्यात चोळायची, बिया वाळवायच्या, जात्यावर भरडायच्या आणि दाणे शेलूबाजारला खेमचंद शेठच्या दुकानात नेऊन द्यायचे. त्यावर तिची तूर आणि ज्वारी यायची.

बाबा तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यापुढे पदर खाली ओढायचा आणि त्याच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकूला बाबांना काही विचारायचं असलं की ती मला सांगायची, मी बाबांना सांगायचो. बाबा नको असेल तर स्पष्ट 'नाही' म्हणत. काही बोलले नाहीत, तर त्याचा अर्थ 'हो'. वीस वर्षं घर असंच चाललं होतं आणि निरोप्या मी होतो.

एकाहत्तरच्या चैत्रात काकूनं मला डोंगरावर नेलं.

"जगदेव, खालच्या झाडायच्या बुडाशी पाह्य," ती म्हणाली. "एक बी रोप दिसते का तुले? बुढी झाडं शेंड्यापासून वायून राह्यली. अन् आता दगडाच्या वर पाह्य."

वर खरोखर रान माजलं होतं. हातभर रोपं, कमरेएवढी झाडं, आणि मधे मधे माझ्याच वयाची, फळांनी काळी झालेली.

"असं काहून?" मी विचारलं.

"खाली ऊन सोसत नाई त्यायले. पयले हिवायात खालीबी दव पडे, आता वरच पडते. बी खाली पडते अन् जयून जाते. वर पाखरायनं नेलेलं जगते. झाडं डोंगर चढून राह्यली बा, अन् आपन दगडापाशी बसून हावो." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुह्या बापाले विचारजो, दगड थोडा वर नेता येते का. नाईच म्हनत असन, त मले वरच्या चार झाडायची परवानगी दे म्हना. खाली औंदा टोपलंभर बी निघत नाई."

मी विचारलं नाही. बाबांपुढे दगड हलवायची भाषा कोण काढणार? आज विचारू, उद्या विचारू करता करता अक्षय तृतीया येऊन गेली. दुसऱ्या दिवशी काकूनं मला गोठ्यात गाठलं.

"विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हनले?"

"काई नाई बोलले," मी म्हणालो.

हे म्हणताना त्याचा अर्थ आमच्या घरात काय होतो ते मला माहीत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. माहीत होतं. मला फक्त तिथून सुटायचं होतं.

तिसऱ्या दिवशी काकू दगडाच्या वर चढली आणि भरदुपारी, उघडउघड, टोपलं भरून उतरली. चोरासारखी गेली असती तर कदाचित कोणाला कळलंही नसतं. पण तिला परवानगी मिळाली होती, ती कशाला लपेल?

संध्याकाळी पारावर गाव जमलं. काकू पाराच्या झाडाआड पदर ओढून उभी. समोर भासरा बसलेला, त्यामुळे तिला तोंड उघडायची सोय नाही. तिनं मला हाक मारली.

"जगदेव, सांग ना बा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"मले काई माहीत नाई," मी म्हणालो.

काकूनं परत हाक मारली नाही. बाबांनी निकाल दिला: भागिरथेनं या डोंगरावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. ज्या बाया वरच्या फळांकडे पाहून वर्षानुवर्षं आवंढे गिळत होत्या, त्याच सगळ्यात आधी माना डोलवून मोकळ्या झाल्या. मला त्यांची किळस आली. जणू माझ्या गळ्यात तुळशीमाळ होती!

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी, दगडापासून मैलभर खाली, पाझर तलावाचं काम निघालं. बाबा, मी, काकू, सगळे एकाच हजेरीपटावर. मी खणत होतो. कंबरभर खोल गेल्यावर कुदळ खणकन वाजली. धोंडा उपसून पालथा केला तर त्याच्यावर वाघाचा पंजा. माती खरवडली तशी खालून शेंदराची भाकरीच्या पापुद्र्यासारखी खपली निघाली.

बाबा घाईघाईनं आले आणि आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं.

"माह्या आज्यानं पुरला हा," ते हळूच म्हणाले. "मी लहान होतो. तवा चारोयी येथीवर होती, मंग ती वायली. आज्यानं वर नवा दगड मांडला."

म्हणजे दगड हलतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मला राग आला, आणि त्या रागाच्या भरात आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना जाब विचारला. "मंग काकूले कायले बंदी घातली?"

"तिनं विचारलं असतं त गोष्ट येगयी होती," बाबा म्हणाले. "नेला असता वर. न विचारता चढली ती."

मी कुदळ बाजूला टाकली. आणि मागे पाहिलं तर मातीचं टोपलं डोक्यावर घेऊन काकू उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं टोपलं खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर मागे सारला. इतक्या वर्षांत तिचं तोंड बाबांनी नीट पाहिलं नसेल.

"मारोतराव," ती म्हणाली. भासऱ्याचं नाव घेतलेलं ऐकून आजूबाजूच्या कुदळी थांबल्या. "मारोतराव, म्या विचारलं होतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. त्यांना कळलं, याबद्दल मला शंका नाही. मग तिच्याकडे पाठ करून ते मला म्हणाले, "जगदेव, तिले सांग, डोक्यावर पदर घे म्हना."

तो धोंडा मीच तलावाच्या भिंतीत बसवला, पंजा आतल्या बाजूनं.

काकू त्याच आठवड्यात गाव सोडून गेली. जऊळक्याला स्टेशनापाशी एका हॉटेलात भांडी घासते, असं कळलं. पुढच्या चैत्रात बाबांनी गावाला सांगितलं की देवानं स्वप्नात येऊन जागा बदलायला सांगितली आहे, आणि दगड साठ पावलं वर नेला. लोकांनी हात जोडले. दगडाच्या वर माथ्यापर्यंत आता चाळीस पावलं उरली होती, आणि रोपं त्याच चाळीस पावलांत होती. हे मी मोजलं. बाबांनीही मोजलं असणार, पण माझ्या नातवानं दगड कुठे न्यायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

"तिले बलाव," एवढंच म्हणाले. "म्हना, बंदी उठली."

मी जऊळक्याला गेलो. काकू राखेनं पातेलं घासत होती. मी निरोप सांगितला. दगड वर गेला तेही सांगितलं. तिनं पातेलं विसळलं, पालथं घातलं, दुसरं ओढलं. मी गाडीच्या वेळेपर्यंत उभा होतो.

घरी आलो तेव्हा बाबा ओसरीवर वाट पाहत होते.

"काय म्हनली?"

"काई नाई बोलली."

बाबांचा चेहरा उजळला. अक्षय तृतीयेला त्यांनी काकूचं जुनं टोपलं स्वतः वर नेऊन दगडाच्या अगदी जवळ ठेवलं. नारळ फुटला. बाया उभ्या होत्या, ऊन चढत होतं, आणि बाबा खालच्या वाटेकडे पाहत 'चला' म्हणायचे थांबले होते. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही.