रक्तवर्णेचे मोल

माघातली सकाळ पन्हाळ्याच्या उतारावर हळदीच्या पाण्यासारखी पसरली होती. दरीत धुके, धुक्यावर ऊन, आणि उन्हात, अंगणाच्या कडेला, ती उभी होती: रक्तवर्णा, दीर्घनासिका, भूमीला बिलगलेली, दोनच आसनांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. उभी असूनही धावत असल्यासारखी.

चारुशीलाबाई इंगवल्यांनी तिच्या अंगावरचे दव मऊ फडक्याने टिपले. ऐन तारुण्यात त्यांनी हा घाट तिच्यासंगे शर्यतीत चढला होता. भल्याभल्यांना धूळ चारत चढला होता. आता गुडघा क्लच दाबायला राजी नव्हता. आणि न चालणारी गाडी उभ्याउभ्या गंजते, उभ्याउभ्या मरते. म्हणून विकायची. केवळ म्हणून.

पुण्याचे मुळगावकर जुन्या गाड्यांचे जाणकार, आणि आज स्वतःच गिऱ्हाईक. ते गाडीखाली शिरले. इंजिनावरचा नंबर, चासीवरचा नंबर, कागदावरचा नंबर: सारे जुळले. डोळे चमकले. मग लोहचुंबक घेऊन ते त्या आरक्त कायेवरून फिरू लागले. चुंबक चिकटला, पुन्हा चिकटला, आणि डाव्या दारावरून अलगद घसरला.

"इथं रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी भरलीय, ताई."

"सांगणारच होते. शर्यतीत, वरच्या टाकीच्या वळणावर म्हैस आडवी आली. मी गाडी दरडीवर घातली."

"आणि शर्यत?"

"दुसऱ्यानं जिंकली. म्हैस घरी गेली."

मुळगावकर हसले, मग गंभीर झाले. "भाव उतरेल."

"उतरू दे. झाकून विकायची नाही मला."

त्यांनी चुंबक खिशात टाकला. "एकदा चालवून दाखवाल?"

बाई बसल्या. गुडघ्यातली कळ ओठांत दाबली. किल्ली फिरली, आणि धातूच्या कंठातून घनगंभीर, मधुगंभीर नाद उमटला. वळणामागून वळण उलगडले, गिअरमागून गिअर रेशमासारखा सरकला. वृद्ध हातांत वारा तरुण झाला. शेजारी बसून मीटरच्या काट्यांकडे बघायला आलेले मुळगावकर काट्यांकडे बघायचेच विसरले.

परतल्यावर ते हळूच म्हणाले, "दाराचे पैसे कापावेच लागतील. बाजार तसाच आहे. पण दार मी बदलणार नाही. ते तसंच राहील."

"मग न्या," बाई म्हणाल्या. किल्ली देताना क्षणभर बोटे मिटली, मग उघडली. "दुसरा गिअर घाईनं मागू नका. जरा थांबा, ती आपणहून देते."

दुपारी रक्तवर्णा घाट उतरू लागली. पहिल्या वळणावर गिअर करकरला. फाटकाशी उभ्या बाईंचा डावा हात गिअर टाकल्यासारखा हवेतच हलला. पुढच्या वळणावर नाद अडखळला, थांबला, श्वासभर थांबला, आणि दुसरा गिअर लागला: स्वच्छ, सलग, सुरेल.

बाईंचा हात खाली आला. दरीतून नाद येत राहिला. दूर, अधिक दूर, उसाच्या हिरव्या लाटांपलीकडे, उन्हात विरघळत, विरघळत.