अकरा मिशा

दुपारच्या चिडीचूप घरात दाराच्या फटीतून पाकीट आत पडलं, थप्प. पाळण्यातलं बाळ चुळबुळलं, पण उठलं नाही. तिने अर्धी घडी झालेलं दुपटं तसंच टाकलं आणि पाकीट फोडलं. मांजर आणि सील यांच्या तुलनेचं, मुलांसाठीचं पुस्तक. तिचं आणि ताईचं.

मुखपृष्ठावर मात्र एकट्या ताईचं नाव होतं. शेवटच्या पानावरच्या आभारांत टाईप करणारीसुद्धा होती, ती स्वतः मात्र नव्हती.

ताई प्राणिशास्त्र शिकवायची, काम तिच्याकडेच आलं होतं. वेळ नव्हता म्हणून तिने धाकट्या बहिणीला गळ घातली, दोघी मिळून करू म्हणाली. मग बाळ दूध पिता पिता झोपलं की ही एका हाताने लिहायची. मांजरी पिल्लांना शिकार शिकवते. सीलची आई दोन-तीन आठवडे सायीसारखं दाट दूध पाजून पिल्लाची गुबगुबीत उशी करते आणि एके दिवशी मागे न बघता समुद्रात निघून जाते. हे लिहिताना तिचे डोळे भरून आले होते. छापलेल्या वाक्यात काना-मात्रेचाही फरक नव्हता.

तिने फोन लावला. ताई आधी गोड बोलली, मग प्रकाशकावर ढकललं, मग वैतागली.

"अगं, घरातल्या घरात कसलं नाव? तुला कुठे मिरवायला जायचंय?"

माहिती सगळी माझीच, तू नुसती नीट उतरवलीस, असंही म्हणाली. ताईला ते मनापासून खरं वाटत होतं, हेच जास्त लागलं.

एव्हाना चार वर्षांची लेक मांडीवर चढून बसली होती. वाच म्हणाली, म्हणून तिने वाचलं. सील मिशांनी काळोख्या पाण्यात माशाचा माग काढतो. मांजर मिशांनी फट मापतं. त्याला एका बाजूला बारा मिशा असतात, दुसऱ्या बाजूला अकरा.

लेक खुदकन हसली. "बारावी मी कापली होती. कात्रीने."

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. घरच्या मांजरीला, भुरीला, मांडीवर धरून तिने त्या मिशा मोजल्या होत्या आणि तोच आकडा भाबडेपणाने लिहून दिला होता. ताईने तो तपासलासुद्धा नव्हता.

लेकीने पुस्तक उलटं केलं. मागे मावशीचा हसरा फोटो होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"आई, मावशीने आपल्या भुरीच्या मिशा कधी मोजल्या?"