लोहाराच्या पाठी कोण

दर सुगीला लुटारू यायचे आणि धान्य उपसून न्यायचे. शेवटी गाव लोहाराकडे गेलं. त्याने भाले घडवले, माणसं उभी केली, लुटारूंना पिटाळलं. "पुढच्या सुगीपर्यंत तूच पुढे राहा," लोक म्हणाले. सुग्या येत गेल्या, लोहार पुढेच राहिला. बांधाची भांडणं, पाण्याच्या पाळ्या, सगळं त्याच्या ओट्यावर येऊ लागलं. भट्टी थंड पडली.

मग एका चकमकीत मांडीला बाण लागला, जखम चिघळली आणि तो गेला.

त्याच्या बायकोच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं, तोच गाव घरात शिरलं. सुताराला पुढारपण हवं होतं, कोळ्यालाही. दोघांची माणसं हातघाईवर आली, तेव्हा तिच्या धाकट्या दिराने तिच्या कडेवरचं पोर घेतलं आणि ओट्यावर बसवलं.

"हा दादाचा. ह्याच्यापुढे वाकलं तर कुणालाच कमीपणा नाही. मोठा होईपर्यंत मी बघतो."

"भावजी, अजून अंथरूण ओलं करतो तो," ती म्हणाली. "ह्याला काय येतं?"

"यायला कशाला हवं? वाघाच्या पोटी वाघच."

"माझा बापही लोहारच होता. मला साधा खिळा तरी घडवता येतो का?"

लोक हसले. सुतारही हसला. पण हसून झाल्यावर त्याने कुऱ्हाड पोराच्या पायाशी ठेवली. कोळ्यापुढे तो मेला तरी वाकला नसता. ते पाहून कोळ्यानेही भाला खाली ठेवला.

पहाटे ती पोराला घेऊन माहेरी निघाली. वेशीवरच्या राखणदाराने वाट अडवली.

"वहिनी, तुम्ही खुशाल जा. धन्यांना नेता येणार नाही."

"धनी? अरे, काल तुझ्या बायकोने ह्याचं नाक पुसलं."

"काल पुसलं," तो खाली बघत म्हणाला. पण बाजूला झाला नाही.

ती माघारी फिरली. पोराला सोडून जाणार कुठे?

त्या दिवशी ओट्यासमोर सगळं गाव जमलं. पोर मधोमध बसलेलं, दीर त्याच्या कानाशी. तिला मागे बायकांत उभं केलं होतं. पोराने तिला गर्दीत हुडकलं आणि घे म्हणून दोन्ही हात पुढे केले. लोकांना वाटलं, आज्ञा झाली. पुढची रांग वाकली, मग एकेक करत मागच्या.

ती तशीच उभी राहिली. शेजारणीने हळूच तिच्या पाठीवर हात ठेवून दाबला, तेव्हा तीही वाकली.