थोरली पाती

बाईंनी फार दिवसांनी चिमट्याने मासा बरणीतून काढला, ताटलीत उलटा केला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. माशाच्या उजव्या कुशीतून मांसाचा तुकडा गेला होता, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. डावी बाजू जशीच्या तशी होती. माशांच्या अभ्यासात चित्र, मोजमाप सगळे डाव्या बाजूचे. कापायचेच झाले तर उजवीकडे कापतात. म्हणजे हे शिपायाचे काम नव्हते. चोर जाणकार होता, आणि संग्रहालयाच्या मासे विभागात जाणकार दोनच. त्यातल्या एक त्या स्वतः.

दुसरा खिडकीपाशी पाठमोरा बसून संगणकात डोके घालून होता. जनुके तपासणारा, दोन वर्षांपूर्वी आलेला. बाई मनातल्या मनात त्याला ‘जावई’ म्हणत, कारण तो फार अदबीने वागायचा आणि त्याच्या पोटात काय आहे ते कधी कळायचे नाही.

“चहा सांगू का, बाई?” त्याने न वळताच विचारले.

“नको.” एरवी हा कधी चहाचे विचारत नसे. कुठेतरी पाणी मुरत होते.

तो मासा साधासुधा नव्हता. खळाळत्या पाण्यात छातीवरच्या चकतीने दगडाला चिकटून राहणाऱ्या माशांचे एक छोटेसे कुळ आहे, चार जातींचे. तरुणपणी कंबरभर पाण्यात उभे राहून बाईंनी हा पाचवा पकडला. याची चकती सगळ्यांत साधी, म्हणून हीच कुळाची थोरली पाती, बाकीचे मागून झाले, असे त्यांनी मांडले आणि ते सगळ्यांनी मानले. बाईंची जन्माची कमाई म्हणजे हा बोटभर मासा. आता त्या निवृत्तीला आल्या, तर जावई त्याच्यावर नवी वंशावळ मांडून स्वतःच्या नावावर छापणार, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही.

कपाटाला कुलूप लागले. तो जेवायला गेला की बाई त्याच्या टेबलाजवळून उगाच एक चक्कर मारत. नवऱ्याला सांगितले, तर तो म्हणाला, “अगं, विचार ना सरळ त्याला.”

“चोराला विचारून चोरी कळते होय?”

शेवटी न राहवून त्यांनी ताटली त्याच्या पुढ्यात ठेवली. “हे तू कापलंस?”

“हो.”

त्याने इतक्या पटकन कबूल केले की बाईंनी जुळवून ठेवलेले बोलणे वायाच गेले. “मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही निकालही मागितला असता.” त्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “बाई, हा त्या कुळातला नाहीये. काठाला वाळूत फिरणारे साधे मासे असतात ना, त्यांच्यातला आहे. धारेत राहायला गेला, म्हणून त्यालाही चकती आली. त्याची त्याला, वेगळी. मी पुन्हा पुन्हा तपासलं.”

“कधी कळलं तुला?”

“झालं वर्ष.”

“मग छापलं का नाहीस?”

तो नखांकडे बघत राहिला. “तुम्ही निवृत्त झाल्यावर छापणार होतो. निरोपाच्या तोंडावर कशाला, म्हटलं.”

बाईंना चोर परवडला असता. ही कीव कुठे ठेवायची ते त्यांना कळेना. वर्षभर हा पोरगा आपल्या बढाया ऐकून मान डोलवत होता, आणि आपण त्याच्यावर पाळत ठेवत होतो. त्यांना लाज वाटली, डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले याचा रागही आला.

“मी इथे असताना छाप,” त्या म्हणाल्या. “चूक कुणाची ते नावानिशी लिही. आणि पकडला मीच, तेही लिही.”

“घाई नाहीये, बाई.”

“तुला नसेल.”

मासा बरणीत ठेवून त्यांनी वरपर्यंत स्पिरिट भरले. त्या कुळातल्या चौघांच्या फळीकडे न जाता त्या दाराजवळच्या कपाटापाशी आल्या. तिथे वाळूतल्या माशांच्या बरण्या खच्चून भरलेल्या, सहसा कुणी त्यांच्याकडे बघत नसे. जागा नव्हती. तो मदतीला उठला, तसे त्यांनी हातानेच त्याला थांबवले.

“सरका गं जरा,” त्या बरण्यांना म्हणाल्या, आणि एकेक बाजूला करत आपल्या बरणीपुरती जागा करू लागल्या.