जाड तारेचा मी बारीक झालो

मी ट्रान्सफॉर्मर बोलतोय. विजेच्या खांबावरचं ते धूड नव्हे हो! मी मुठीत मावणारा, गिटारच्या व्हॉल्व अँप्लिफायरमधला. आवाज घुमवायला त्यात स्प्रिंगा असतात. काचेच्या नळीसारखा व्हॉल्व देतो भरपूर व्होल्ट आणि चिमूटभर करंट. स्प्रिंगा हलवायला हवं नेमकं उलटं. ती अदलाबदल मी करतो.

माझा जन्म सोलापुरातला, भवानी पेठेतल्या गैबीसाब मामूंच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातला. त्यांची भाची आफरीन, तिने हा अँप्लिफायर स्वतः आखला. तिचा पहिलाच! गिटारवाली विजयमाला तो शुक्रवारच्या कार्यक्रमात वाजवणार होती. आवाज घुमला नाही, तर ती पुण्याहून दुसरा आणणार आणि आफरीनची सगळी मेहनत फळीवर धूळ खात पडणार.

मामूंनी मला भरलं मात्र उजनीकाठच्या पंपाच्या हिशेबाने. आफरीनने सांगितली होती केसासारखी तार, यांनी घातली जाड. "भाचीचं काम हाय, जन्मात जळनार न्हाय!" जाड तारेने जागा खाल्ली, वेढे कमी पडले. मी म्हणजे जेवून सुस्तावलेला जावई झालो. व्हॉल्व जोर लावून दमला, स्प्रिंगा ढिम्म.

आफरीनला दोष कळला होता. पण मामूंना सांगणार कोण? बिचारी उगाच बाकीचं सर्किट उचकत बसली. मला असा राग आला! अगं, बोल की!

गुरुवारी एकदाची बोलली. "मामू, तार जाड झाली."

"जाड? आजवर कुनाची तक्रार न्हाय! बारीक घालतो, पन जळला तर माज्याकडं येऊ नको."

"मग कुटं जाऊ? तुमच्याकडंच येनार की."

मामूंनी चष्मा पुसला आणि मला उलगडायला घेतलं. बारीक तार सारखी तुटायची, मामू तिच्या सात पिढ्या उद्धरायचे, पण हातचं काम सोडलं नाही.

शुक्रवारी सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये विजयमालाने गिटार छेडली. स्प्रिंगा थरथरल्या आणि सूर हॉलभर घुमत राहिला. आफरीन रडत रडत हसत होती.

आता मी कार्यक्रमाकार्यक्रमाला तापतो, मजेत आहे. तुम्हीही ऐकायला या. फक्त मागून हात घालू नका, झटका लई बसतो. आणि शेजारी मामू बसलेले असतील, तर ते सांगणारच, "गिटार त्या पोरीची, डबा भाचीचा. पर मागनं घुमतंय न्हवं, ते माजं!"

तुम्ही 'व्हय' म्हणा. खरंच आहे ते.