सात टाके आणि एक भोक

मित्रांनो, तीन चाके दिसली म्हणून मला रिक्षा समजू नका. रिक्षात बसतात, माझ्यावर स्वार व्हावे लागते. पुढे एक चाक, मागे दोन, आणि तिन्ही फुग्यासारखी टम्म. मध्ये इंजिन, वर घोड्यावर असते तसे खोगीर. मागच्या दोन चाकांवर पंखांसारखी पसरलेली लाल प्लास्टिकची मडगार्डे. माझ्यासारख्या तीनचाकी आता कुणी बनवत नाही. ज्या कारखान्यात मी जन्मले, त्याचेही दार केव्हाच बंद झाले.

माझे बाकीचे अंग लोखंडाचे, ठोकून-पिटून घडवलेले. मडगार्डे मात्र गरम साच्यातून अलगद बाहेर आली होती, त्यामुळे ती स्वतःला जरा नाजूकच समजत. मी त्यांना हसत असे. पुढे त्यांच्यामुळेच रडायची पाळी येईल, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

मला घरी आणले ते बाबांनी. बाबांची रोपवाटिका होती. वाफ्यांमधल्या अरुंद वाटांवरून मी रोपांचे ट्रे आणि खताची पोती वाहत असे. मडगार्डे नसती तर माझ्या चाकांचा चिखल उडून कोवळी पाने माखली असती. म्हणून संध्याकाळी बाबा आधी मडगार्डे पुसत आणि मग स्वतःचे पाय धूत. शेजारी सायकलवाले काकांचे दुकान होते. ते तिथूनच ओरडत, "मालक, तुमच्या तीन चाकांआधी माझी दोन चाकं पोचतील!" बाबा म्हणत, "पोचतील हो, पण रिकाम्या हातांनी!"

बाबांची एकुलती एक मुलगी. सगळे तिला चिमणी म्हणत. माझे डावे मडगार्ड हे तिचे सिंहासन. बाबांचा शर्ट मुठीत धरून ती त्यावर बसायची आणि मला "हुर्र" म्हणायची. मी काही घोडा नव्हते, पण तिने म्हटले की होत असे.

पाच वर्षांची असताना एके दिवशी ती खताच्या हौदाच्या कठड्यावर चढली आणि तिथून तिने थेट सिंहासनावर उडी मारली. काड्कन आवाज झाला. डाव्या मडगार्डला कडेपासून मध्यापर्यंत वीतभर चीर गेली. बाबा हातातली झारी टाकून धावत आले.

"चिमणे, लागलं का गं?"

तिने मान हलवली. "मला नाही लागलं बाबा. गाडीला लागलं."

त्या प्लास्टिकची जातच तेलकट, त्याला गोंद चिकटत नाही. त्याला टाकेच घालावे लागतात. बाबांनी तिला मांडीवर घेतले आणि आधी ड्रिल हातात घेतले. ड्रिल घरघरले तशी चिमणीने डोळे गच्च मिटले, कानांवर हात ठेवले आणि बाबांच्या कुशीत तोंड खुपसले. चीर जिथे संपत होती, नेमके तिथे बाबांनी एक बारीक भोक पाडले. सायकलवाले काका मान वाकडी करून बघत होते.

"फुटलेल्याला अजून भोक कशाला, मालक?"

"चिरेला टोक असतं, म्हणून ती पुढे पळते. टोकाला गोल भोक मिळालं की थांबते. आधी थांबवायचं, मग शिवायचं."

मग त्यांनी तापलेल्या खिळ्याने दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि तांब्याच्या तारेचे टाके घातले. आता चिमणीचे डोळे उघडे होते. ती बोट लावून मोजत होती. सात भरले.

मित्रांनो, त्या टाक्यांवर मी पुढे किती वर्षे धावले, याचा हिशोब माझ्याकडे नाही. चिमणी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन दूर गेली. तिची आई वारली. बाबा थकले, वाफे गेले आणि मी घरामागच्या शेडमध्ये उभी राहिले. शेडमध्ये शिरणाऱ्या उन्हाने माझी लाल मडगार्डे विटक्या गुलाबी रंगाची झाली.

मग बाबांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग वार, मग माणसे. चिमणी आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन त्यांच्याजवळ राहायला आली. सकाळी ते तिला विचारत, "बाई, आपण कोण?" ती हसून सांगे, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडे. नळाचा आवाज शेडपर्यंत येत असे.

दुपारी ती बाळाला निजवायला आत गेली की बाबा माझ्याकडे येत. स्टुलावर बसत. त्यांचा अंगठा आपोआप डाव्या मडगार्डवर जाई. एक, दोन, तीन... प्रत्येक टाक्यावर ते थोडे थांबत, जणू जिना चढत आहेत. सातव्याच्या जरा पुढे जाऊन अंगठा टेकला की त्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागे. ते हलकेच म्हणत, "चिमणे, लागलं का गं?" मग उठून घरात जात आणि आतून त्यांचा आवाज येई, "चिमणे, चहा टाक गं!"

रोज असेच होई. सकाळची 'बाई' दुपारनंतर 'चिमणी' होई. तिला कारण माहीत नव्हते. ती फोनवर नवऱ्याला सांगे, "दुपारी पडून उठले की बाबा अगदी ताजेतवाने होतात बघा." मला ओरडून सांगावेसे वाटे, अगं, ते झोपत नाहीत, ते इथे येतात! पण माझा हॉर्न कधीच मुका झाला होता.

एका वादळात शेडचा पत्रा कोसळला आणि माझ्या उजव्या मडगार्डचे तुकडे तुकडे झाले. बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. चिमणीने ठरवले, गाडी नव्यासारखी करायची. चार गावांत विचारून तिने नव्या मडगार्डांची जोडी मिळवली. लालभडक, आरशासारखी गुळगुळीत. संध्याकाळी बाळ झोपले की ती पाना घेऊन येई आणि गंजलेले नट तेल सोडून सोडून ढिले करी. तिचे हात बाबांसारखेच चालत. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

उजव्या बाजूचे काम झाले आणि ती डावीकडे वळली. सायकलवाले काका दारातून म्हणाले, "डावं कशाला काढतेस पोरी? टाके अजून घट्ट आहेत."

"एक नवं आणि एक विटकं? काका, एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून तुम्ही लग्नाला जाल का?"

"मी जाईन," काका म्हणाले. "जेवण चांगलं असेल तर."

दोघेही हसले. आणि माझे डावे मडगार्ड भंगाराच्या पोत्यात गेले.

वाढदिवसाला तिने बाबांना हात धरून आणले. "बाबा, बघा तरी!" बाबांनी माझ्याभोवती चक्कर मारली. कौतुकाने मान डोलावली. "छान आहे गाडी. कुणाची?"

त्या दुपारी चहाची हाक आलीच नाही. आवाज आला तो असा, "बाई, थोडा चहा मिळेल का? त्रास नसेल तर."

पुढचे आठ दिवस बाबा नेमाने येऊन स्टुलावर बसत. अंगठा त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरत राही. जिन्याच्या पायऱ्याच कुणी काढून नेल्या होत्या. नवव्या दिवशी काकांनी ते पाहिले आणि चिमणीला बाहेर बोलावले.

"पोरी, ते रोज इथे टाके मोजायचे. सातावर आले की तुझं नाव घ्यायचे. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

ती बाळाला काकांच्या हातात देऊन तशीच भंगारवाल्याकडे धावली. परतली तेव्हा तिच्या मुठीत भंगाराच्या यंत्रातून निघालेला प्लास्टिकचा रंगीत चुरा होता. निळा, पांढरा, लाल, गुलाबी. त्यातले माझे कोणते, ते मलाही सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी ती हातोडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "माफ कर हं," असे ती मला म्हणाली. नव्या डाव्या मडगार्डवर पहिला घाव बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला चीर गेली, तशीच वीतभर, कडेपासून मध्यापर्यंत. तिने खिळा तापवला, तांब्याची तार कापली. बोटे भाजली तरी थांबली नाही. तिने सात टाके घातले.

बाबा आले, बसले. अंगठा चालू लागला. एक, दोन, तीन... ती मागे श्वास रोखून उभी होती. मित्रांनो, माझ्या इंजिनात प्राण असता तर तोही थांबला असता. सहा. सात.

अंगठा सातव्या टाक्याच्याही पुढे गेला आणि काहीतरी शोधू लागला.

"भोक कुठे आहे?"

"कसलं भोक, बाबा?"

"चिरेच्या टोकाला भोक लागतं, बाई. त्याशिवाय ती थांबत नाही. नुसते टाके घालून काय उपयोग?"

"मला... मला माहीत नव्हतं."

"कसं असणार! माझी पोरगीसुद्धा बघत नाही. ड्रिल लागलं की डोळे गच्च." बाबा हसले. "भित्री भागूबाई नुसती. आणा इकडे ड्रिल."

तिने ड्रिल आणले. बाबांना ते एकट्याने पेलेना, म्हणून तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. ड्रिल घरघरले.

बाबा म्हणाले, "तुम्ही मात्र डोळे मिटू नका हं, बाई."

तिने मिटले नाहीत. ते भरून वाहत होते, पण उघडे होते. लाल प्लास्टिकचा बारीक कीस दोघांच्या हातांवर पडला आणि चिरेच्या टोकाला एक गोल भोक झाले.

चीर तिथेच थांबली. बाबांचा विसर मात्र थांबला नाही. त्याला कुठे भोक पाडायचे, ते कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी चिरलेली, शिवलेली, विटकी वस्तू असेल. नवी जरूर आणा. पण जुनी काढण्याआधी चार दिवस नुसते बघा, तिच्यावर कुणाचा हात रोज जातो ते. आणि घरात कुणी काही दुरुस्त करत असेल तर डोळे उघडे ठेवून शेजारी बसा. तो हात नेहमीच राहत नाही.

बाबा अजूनही दुपारी येतात. टाके मोजतात, टोकाचे भोक चाचपतात. कधीतरी, दहा-पंधरा दिवसांतून एकदा, समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणतात, "लागलं का गं?"

चिमणी आता बाळाला घेऊन रोज त्यांच्या मागेच बसलेली असते. ती म्हणते, "नाही, बाबा."

ते मागे वळून बघत नाहीत.