मामलेदारांचं औषधपाणी

मामलेदार ठणठणीत बरे झाले. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजायचं, कारण सिद्राममास्तरांनी तसंच ठरवलं होतं, आणि निपाणीत त्यांच्याइतका सरळ माणूस दुसरा नव्हता.

मामलेदार म्हणजे मासा. तव्याएवढा गोल, भाकरीसारखा चपटा, मागं काटेरी शेपूट. समुद्रातल्या असल्या माशाला कोकणात पाकट म्हणतात. हा मात्र गोड्या पाण्यातला, थेट दक्षिण अमेरिकेतला. सिद्रामचा मावसभाऊ मष्णू बोटीवर स्वयंपाकी होता. त्यानं तो वास्कोला उतरवला, दुधाच्या कॅनमधून लोंढ्यापर्यंत रेल्वेनं, पुढं यष्टीनं आणला, मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडला आणि परत बोटीवर गेला. दिवसभर तळाशी पडून राहायचं, काही करायचं नाही, आणि हात लावायची कुणाची छाती नाही; म्हणून गल्लीनं नाव ठेवलं मामलेदार.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मामलेदारांचं जेवण निम्म्यावर आलं. अंगाच्या कडा वर वळल्या, पाठीवर पांढरे चट्टे उठले. सिद्रामनं गुरांचे डॉक्टर हरिभाऊ यांना बोलावलं. ते पाच मिनिटं हौदात बघत राहिले.

"मास्तर, यात जनावर कुठं आहे?"

"तळाला. ती वाळू डोळे मिचकावतीय न्हवं, तीच."

हरिभाऊंनी त्रैराशिक मांडलं. चारशे किलोच्या म्हशीला चार गोळ्या, तर दोन किलोच्या मामलेदाराला किती? उत्तर आलं, गोळीचा पन्नासावा भाग. "कशातून द्यायची ते तुम्ही बघा," ते म्हणाले. "मी धरणार नाही. मला मुलंबाळं आहेत."

सिद्रामनं कणकेतून दिली. मामलेदारांनी ती अर्जासारखी बाजूला सारली. गांडुळातून दिली, तर गांडूळ आत गेलं आणि औषध बाहेर आलं. पायरीवर त्याची आई सुलाबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. नवव्या वर्षापासून वळत होती.

"सरक, रं. शिकलेल्यांचं काम न्हाय हे."

तिनं नदीतला झिंगा घेतला, पोटात पूड भरली आणि विडीचं तोंड मुडपतात तसं नखानं ते मुडपलं. मामलेदारांनी मुकाट गिळला. त्यांना पहिल्यापासून तिच्याच हातचं लागायचं.

चार दिवस औषध पोटात गेलं आणि पाचव्या दिवशी मामलेदार जास्तच वळले. हरिभाऊ पुन्हा आले. या खेपेला त्यांनी मासा पाहिलाच नाही, सुलाबाईची बोटं पाहिली. ती तंबाखूनं तपकिरी झाली होती.

"आक्का, रोज तुम्हीच भरवता?"

"मग कोण? माज्याबिगार कुणाच्या हातचं खात न्हाय त्यो."

"गोचिडांवर आम्ही तंबाखूचं पाणी मारायला सांगतो. गोचीड मरतात."

सुलाबाईनं बोटं पदराखाली घेतली.

"औषध चालू ठेवा, हौदाचं पाणी बदला," हरिभाऊ म्हणाले. "आणि हा बरा होईपर्यंत विडी बंद. नुसते हात धुऊन भागायचं नाही."

सिद्रामनं श्वास रोखला. हायस्कुलात मास्तर झाल्यापासून सहा वर्षं तो आईला विड्या सोड म्हणून विनवत होता. तिचा खोकला पार त्याच्या वर्गापर्यंत ऐकू यायचा. एकदा त्यानं उपासही केला होता, पण तो तिच्या ध्यानातच आला नाही. तिचं उत्तर ठरलेलं: "रिकामं बसून काय करू, पाली मोजू?"

सुलाबाईनं हौदाकडं पाहिलं आणि सूप भिंतीला टेकवून ठेवलं. "बरा हुईस्तवर," ती म्हणाली.

पोटच्या पोरानं सहा वर्षांत जे जमवलं नाही, ते भाकरीच्या आकाराच्या परदेशी माशानं पाच दिवसांत जमवलं. सिद्रामला वाईट वाटायला हवं होतं, पण वेळ झाला नाही. आठवड्यात खोकला निम्मा झाला. सुलाबाई विहारात जाऊन बसू लागली, शेजारच्या गंगव्वाशी दोन-दोन तास भांडू लागली, आणि तेही मध्ये न थांबता.

अकराव्या दिवशी मामलेदार सपाट झाले. चट्टे गेले. सहा झिंगे खाऊन त्यांनी सिद्रामच्या सदऱ्यावर पाणी उडवलं. सुलाबाईचा हात सुपाकडं गेला. सिद्राम मध्ये उभा राहिला.

"आई, डोळे बघ त्याचे. खोल गेल्यात."

"पैल्यापासनं तसंच हाईत."

"वजन उतरलंय."

"तुजं उतरलंय. त्यो फुगलाय."

"डॉक्टरांचा कागद आल्याबिगर बरा झाला म्हणता येत न्हाय. नियम हाय."

"व्हय?" कागदापुढं सुलाबाई कायमच नमायची. "मग कागद आला की सांग."

सिद्राम शाळेत गेला आणि फळ्यावर लिहायच्या त्याच सुवाच्य अक्षरात त्यानं अर्ज लिहिला:

"मा. पशुवैद्यकीय अधिकारी यांस. विनंतीअर्ज करतो की, माझ्या हौदातील मासा बरा झालेला असल्यामुळे, तो कायमस्वरूपी आजारी असल्याचा दाखला मिळावा. दाखल्याची मुदत अर्जदाराच्या मातोश्रींच्या हयातीइतकी असावी. दरम्यान मासा मयत झाल्यास त्याचा आजार पुढे चालू असल्याचे समजण्यात यावे, ही नम्र विनंती. सोबत कानडी प्रत जोडली आहे."